एका रणांगणाचे मनोगत

कॅन्सर झाला की माणसाची थेट सैन्यात भरती होते. एरवी भरतीला उंची आणि छाती मोजतात. माझी छाती नुकतीच निम्मी झाली होती, तरी मला कोणी परत पाठवलं नाही. उलट एकदम बढती! ‘योद्धा’, ‘झुंजार’, ‘रणरागिणी’, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर ‘आमची झाशीची राणी’, पुढे तलवारीचं चित्र. आदल्या आठवड्यापर्यंत मी डोंबिवली पूर्वेला राहणारी, सहकारी बँकेत व्हाउचरं पास करणारी आणि बाथरूममध्ये पाल दिसली की बाहेरून कडी लावून नवऱ्याची वाट बघणारी बाई होते. पाल अजूनही येते. कडी अजूनही लावते.

लोकांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. माझी हरकत हिशेबाची आहे. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेली मला बघवत नाही, आणि इथे तर बरं होण्याचं सगळंच्या सगळं श्रेय माझ्या नावावर पडलंय. मी काय केलं? पानिपतावर लढाई झाली. पानिपत लढलं असं कुठल्याही बखरीत लिहिलेलं नाही. मी पानिपत होते. दोन्ही फौजा माझ्या अंगावरून गेल्या आणि मी उताणी पडून छताकडे बघत होते. छताला ओलीचा एक डाग होता. साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.

तेव्हा ही खाती एकदा दुरुस्त करते.

पहिली रक्कम सासूबाईंच्या नावावर. आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली ती मला, पण मी ते त्यांना बोलता बोलता सांगितलं आणि वर म्हटलं, ‘दुखत वगैरे नाहीये.’ त्या मटार सोलत होत्या. हात थांबला. ‘दुखत नाही? मग उद्याच दाखव.’ जगात दुखलं की डॉक्टरकडे जातात. आमच्या घरी उलटा न्याय. त्यांच्या धाकट्या बहिणीची गाठ दुखली नव्हती आणि म्हणून वर्षभर तशीच राहिली, हे मला पुष्कळ नंतर नणंदेकडून कळलं. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे सगळेच डॉक्टर सांगतात. पण डॉक्टरांचं ऐकायला आधी डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि तिथवर मला ढकललं सासूबाईंनी. रजेचा फोनही त्यांनीच बँकेत केला. मॅनेजरना म्हणाल्या, ‘ती आज येणार नाही. बायकांचं कारण आहे.’ मॅनेजरनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. इतकी झटपट मंजूर झालेली रजा आमच्या शाखेच्या इतिहासात नसेल.

मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी असं सगळं भराभर झालं. त्यातला पेट स्कॅन तेवढा सांगण्यासारखा. किरणोत्सारी साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी अधाशी, त्या इतरांपेक्षा जास्त साखर ओढून घेतात आणि फोटोत चमकतात. मोक्याच्या वेळी हावरटपणा नडतो तो असा. टोचल्यावर तासभर एका खोलीत गप्प बसवलं आणि घरी जाताना बजावलं, ‘आज दिवसभर लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा.’ ही बातमी नात्यात पोचली आणि त्या दिवशी मुलं नसलेला, गरोदर नसलेला असासुद्धा एकही पाहुणा आमच्याकडे फिरकला नाही. पुढच्या काही महिन्यांत मला त्या इंजेक्शनची फार आठवण यायची.

ऑपरेशनचं श्रेय सर्जनला द्यायला हवं, ते दिलंच आहे, पण त्याच्याही मागे एक खातं आहे. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड नावाचे एक जबरदस्त सर्जन होऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी अशी पद्धत बसवली की स्तन तर काढायचाच, त्याखालचे छातीचे स्नायूही काढायचे, काखेतल्या गाठीही काढायच्या. जितकं जास्त कापू तितकी बाई वाचेल, असा हिशेब. तो हिशेब तपासायचं फारसं कोणाच्या मनात न येता पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. बायका खपाटीला गेलेली छाती आणि सुजलेला हात घेऊन जगत राहिल्या. मग पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशरनी म्हटलं, बघूया तरी. १९७१ पासून बायकांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि वर्षानुवर्षं मोजत बसले. निकाल लागला की जास्त कापून काही जास्त फायदा होत नाही. १९८५ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की गाठ लहान असेल तर तेवढीच काढून बाकीच्या स्तनाला रेडिएशन दिलं तरी चालतं. सर्जन मंडळी त्यांच्यावर भडकली. साहजिक आहे. आयुष्यभर पूर्ण ताळेबंद मांडला आणि कोणीतरी येऊन सांगितलं की निम्म्या नोंदी उगाच होत्या, तर राग येणारच.

माझी गाठ लहानांत बसणारी नव्हती, त्यामुळे डावा स्तन गेला. पण खालचा स्नायू जागेवर राहिला. माळ्यावरचा फराळाचा रिकामा डबा मी आज डाव्या हाताने काढते तो फिशरसाहेबांमुळे. भरलेला डबा नवरा काढतो, कारण काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला जड उचलायला मनाई, त्या हाताचं ब्लडप्रेशर घ्यायला मनाई, त्या हाताला सुई टोचायला मनाई. हात सुजू नये म्हणून. घरात माझ्यापेक्षा माझ्या डाव्या हाताला मान जास्त आहे. त्याला व्यायामही असतो: भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून वर वर न्यायची आणि जिथे पोचली तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या बेडरूमच्या दाराशेजारी मुलाच्या उंचीच्या जुन्या खुणा आहेत, तारखांसकट. तिथेच मी माझ्या खुणा करत गेले. पाचवीतल्या मुलाला गाठलं तेव्हा तो कॉलेजातून आला होता, म्हणाला, ‘आई, सातवीत मी एकदम वाढलोय हं, तिथे तुला जड जाईल.’ गेलंच जड.

ऑपरेशनच्या वेळी निळा रंग टोचतात. स्तनाकडून काखेतल्या कोणत्या गाठीकडे पहिल्यांदा वाट जाते ते सर्जनना त्यावरून दिसतं. डॉक्टरांनी हे मला सांगितलंही असेल, पण भुलीच्या टेबलावर माणूस टिपणं घेत नाही. शुद्धीवर आल्यावर लघवी पाहिली तर हिरवी! मी गारठले. आता हे काय नवीन? वॉर्डातल्या मावशी भांडं न्यायला आल्या, डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘निळं टोचलंय ना? मग हिरवीच होणार. उद्या पिवळी. परवा डिस्चार्ज.’ अगदी तसंच झालं. एवढं थोडक्यात आणि एवढं अचूक मला त्या सबंध वर्षात दुसऱ्या कोणी काही सांगितलं नाही. मावशींच्या खात्यावर घसघशीत रक्कम लिहा.

घरी आले ती एका नळीसकट. जखमेतलं पाणी बाहेर यायला नळी, तिच्या टोकाला डबी, डबी ठेवायला नणंदेने पैठणीच्या तुकड्याची पिशवी शिवलेली. ही डबी सकाळ-संध्याकाळ रिकामी करून किती मिलिलिटर भरलं ते लिहून ठेवायचं असतं. आकडा पुरेसा खाली आला की नळी काढतात. ही जबाबदारी नवऱ्याने घेतली. हा मनुष्य पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. त्याने वही घातली, रकाने आखले, आलेख काढला. भाऊ फोनवर विचारायचा, ‘ताई कशी आहे?’ हा सांगायचा, ‘काल साठ, आज सकाळी पंचवीस. विसर्ग कमी होतोय.’ कोयना आणि मी यांत त्याने कधीच दुजाभाव केला नाही.

आता भेटायला येणारे. या खात्यावर जमा काय आणि नावे काय, याचा ताळा मला अजून लागलेला नाही. शहाळी इतकी आली की शेवटी नवऱ्याने ती गॅलरीत क्रमाने मांडून ठेवली. येणाऱ्याची पहिली पाच मिनिटं माझ्या चेहऱ्याकडे बघण्यात जातात, कारण नजर खाली गेली तर काय, अशी भीती. मग नजर जातेच. मग ती झटक्यात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आमच्याकडच्या कॅलेंडरमधली त्या वर्षीची संकष्टी सगळ्या नातेवाइकांना पाठ झाली असणार. त्यानंतर प्रत्येकाला एक बाई माहीत असते. ‘आमच्या साडूच्या बहिणीला हेच झालं होतं. डावीकडेच.’ मी विचारते, ‘मग? आता कशा आहेत?’ इथे गोष्ट सांगणाऱ्याच्या लक्षात येतं की आपण शेवट न तपासता कथा निवडली. ‘अं… तेव्हा इतकी औषधं नव्हती ना.’

मग त्यांनी सुचवलेले उपचार. गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळ, गोमूत्र, कोमट पाण्यातून हळद, साखर बंद, दूध बंद, टोमॅटो बंद, पश्चिमेकडे डोकं करून झोपणं बंद. एक मामेसासरे केमो घेऊच नकोस म्हणाले, ‘ते विष असतं.’ स्वतः ते बासुंदीची दुसरी वाटी संपवत होते आणि मधुमेहाची गोळी आणायला मुलाला घरी पिटाळलं होतं. केमो विष असतं हे खरंच आहे. त्याच कामासाठी ते देतात.

आणि त्याच विषाच्या खात्याकडे वळायचं तर जरा लांबचा प्रवास आहे. माझं पहिलं औषध लाल. रंग हुबेहूब कोकम सरबताचा. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत माझं सरबत मी शेजारच्या पानाकडे सरकवते. इटलीत आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. १९५० च्या दशकात मिलानच्या एका औषध कंपनीच्या संशोधकांनी त्या किल्ल्याच्या परिसरातली माती नेली. मातीत एक जिवाणू सापडला, तो लाल रंगाचं औषध तयार करत होता. पुढे त्या जिवाणूत थोडा बदल घडवून आणखी गुणकारी औषध मिळालं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं नाव पडलं एड्रियामायसिन. किल्ल्याच्या मातीतून लढवय्ये निघतात हे आम्हाला चौथीच्या इतिहासात शिकवलंच होतं. तेच इटलीतही चालतं हे माहीत नव्हतं. तर माझ्या बाजूने तलवार घेऊन कोणी उतरलं असेल तर तो हा परदेशी मावळा. तलवार दोन्ही बाजूंनी चालते, हृदयालाही लागू शकते, म्हणून जन्मभरात हे औषध किती द्यायचं याला मर्यादा असते.

त्या लाल औषधाने केस जातात, हे सगळ्यांना सिनेमामुळे माहीत असतं. सिनेमात दाखवत नाहीत ते असं, की केस म्हणजे सगळेच केस. भुवया, पापण्या, आणि नाकातलेसुद्धा. नाकातल्या केसांचं महत्त्व मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ते नसले की नाक अडवायला काहीच उरत नाही. कुठलीही पूर्वसूचना न देता सरळ धार लागते. आत्या भेटायला आल्या होत्या. मी बोलतेय निवांतपणे भाजीच्या भावाबद्दल, आणि नाक वाहायला लागलं. पापण्या नसल्याने डोळेही पाणावलेले. आत्यांना वाटलं, कोथिंबिरीचं निमित्त करून पोरीने बांध फोडला. त्यांनी मला छातीशी धरलं, म्हणजे माझ्या उरलेल्या बाजूशी, आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मी सांगतेय, ‘आत्या, नाकातले केस गेलेत हो!’ त्या म्हणतात, ‘येतील गं, सगळं परत येईल.’ शेवटी त्यांना पाणी देऊन, पाठीवरून हात फिरवून, रिक्षात बसवून आले. त्या दिवशी आत्यांनी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की मी आतून खचलेय.

दुसरं औषध साधं, पाण्याच्या रंगाचं. याचं खातं तर आपल्या घरातलं निघालं. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने तिथल्या वायव्येकडच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्या सालीतलं औषध वेगळं काढलं, आणि १९७१ मध्ये त्याची रचना जगासमोर मांडली. तेच टॅक्सॉल. आणि हे वाणी जन्माने नंदुरबारचे! मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेले. हे मला सलाइन चालू असताना मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा मी त्या कक्षातल्या सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ‘अगंबाई, आपलेच!’ म्हणाले. समोरच्या खुर्चीतल्या जळगावच्या बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, ‘खान्देशी माणूस आहे, उगाच सोडायचा नाही.’ आजवर नंदुरबारने मला मिरची पुरवली. मिरचीची आग संध्याकाळपर्यंत जाते. टॅक्सॉलच्या मुंग्या माझ्या बोटांच्या टोकांना अजून आहेत.

या मुंग्यांमुळे ब्लाउजचे हुक लावणं ही दोन माणसांची कामगिरी झाली, आणि तळपाय बधिर, त्यामुळे पायात चप्पल आहे की नाही ते खाली बघितल्याशिवाय कळेना. एकदा फडके रोडवर एक चप्पल मागे कुठेतरी राहिली आणि मी तशीच भाजी घेत पुढे गेले. भाजीवाला जुडी बांधता बांधता पायाकडे बघून म्हणाला, ‘ताई, एकाच पायाचा नवस?’

केमोच्या दिवसांत लोकलने जाताना अपंगांच्या डब्यात बसायची मुभा असते. कॅन्सरच्या रुग्णांना, गरोदर बायकांना. मी विग लावलेला, लिपस्टिक लावलेली, ठणठणीत दिसणारी. आत चढताच कुबडीवाल्या एका काकांनी फटकारलं, ‘बाई, डबा वाचला का?’ मी म्हटलं, ‘कॅन्सर.’ ‘कागद?’ मी पर्समधून काढून दिला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, शेजारच्या अंध गृहस्थांना मोठ्याने वाचून दाखवला, सर्वानुमते मंजूर झाला. मग आवाज एकदम घरचा: ‘बसा, बसा. पण मुलुंडला उठावं लागेल. तिथे आठव्या महिन्यातली एक चढते.’ सीट म्हणजे सीट, आणि मुलुंड म्हणजे मुलुंड. त्या डब्यात मला एकदाही कोणी शूर म्हटलं नाही. मी मुलुंडला उठायची, दांडी धरून उभी राहायची, आणि ती आठव्या महिन्यातली भायखळ्यापर्यंत घोरायची. पुढे ती दिसेनाशी झाली, तेव्हा काकांनी सगळ्या डब्याला पेढे वाटले. मुलगी झाली होती.

रेडिएशन संपलं, केस आले. सरळ गेले होते, कुरळे परत आले. असं पुष्कळ जणींचं होतं म्हणतात. ‘कुठल्या पार्लरमध्ये केलंस?’ असं मला दोघी-तिघींनी खऱ्याखुऱ्या असूयेने विचारलं, आणि मी खरंखुरं उत्तर दिल्यावर त्यांना काय तोंड करावं ते समजेना.

राहिला प्रश्न डाव्या बाजूचा. आधी घरीच कापसाची गादी करून आत ठेवायचे. पण कापूस हलका. गर्दीत हात वर केला की तो वर सरकतो आणि खाली यायचं नाव घेत नाही. बायकांच्या डब्यात एक कॉलेजची मुलगी कानाशी लागून म्हणाली, ‘आंटी, तुमचं काहीतरी खांद्याकडे आलंय.’ मी आभार मानून ते खाली ढकललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिलिकॉनचा घ्या, त्याला वजन असतं. एका बाजूला वजन आणि एका बाजूला काहीच नाही असं राहिलं की खांदा आणि पाठ धरते. घेतला. पण तो ठेवायचा कशात? तयार मिळणाऱ्या अंतर्वस्त्रांची किंमत वाचून मी दुकानातून शांतपणे बाहेर आले आणि गल्लीतल्या टेलर ताईंकडे गेले.

या ताई आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवतात. मी काय सांगावं याची वाक्यं मनाशी जुळवून गेले होते. त्यांनी तीही संपू दिली नाहीत. तोंडातल्या टाचण्या उशीत खोचल्या, तो सिलिकॉनचा ऐवज हातात घेऊन तोलला, उलटा करून बघितला, टेपने मापला. ‘आतून कॉटनचा खिसा लावते. वर उघडा ठेवू की बटण?’ मी म्हटलं, ‘खाली वाकले तर पडायला नको.’ ‘मग बटण.’ मग माझ्या दोन्ही बाजूंना टेप लावून वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, ‘यापुढे ब्लाउजला डावीकडे अर्धा इंच कमी घेईन.’ माझा चेहरा पडला असावा. त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, ‘अहो, सारख्या कोणाच्याच नसतात. ह्या वहीत बघा, सगळ्या इमारतीच्या लिहिल्यात.’ आणि खरंच वही पुढे केली. नावांसकट! मी बघितली नाही. पहिलं पान सोडून.

आता राहिली रोजची गोळी. टॅमॉक्सिफेन. रोज एक, आणि वर्षानुवर्षं. हिचं चरित्र मला फार आवडतं. १९६२ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या बाईंनी हे रसायन तयार केलं ते संततिप्रतिबंधक म्हणून. उंदरांत चाललं. बायकांमध्ये बघितलं तर उलट गर्भधारणेला मदत करतंय! ज्या कामाला नेमलं त्यात सपशेल नापास. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की स्तनाच्या कॅन्सरला मिळणारी इस्ट्रोजेनची रसद ही तोडते, आणि हीच गोळी जगभरच्या लाखो बायकांचा आधार झाली. हिच्यामुळे मात्र अंगातून वाफा निघतात. रात्री दोन वाजता मी पंखा पाचावर करते, अडीचला नवरा दोनावर आणतो, पावणेतीनला मी पुन्हा पाचावर. सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडतात, ‘एकदा काय ते ठरवा आणि झोपा!’ रणरागिणीची म्हणून जी काही लढाई आहे ती एवढीच, आणि ती अजून चालू आहे.

आणि अशातच ऑक्टोबर आला. हा महिना जगभर स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा, त्याचा रंग गुलाबी. आपल्याकडे बऱ्याचदा त्यातच नवरात्र, आणि त्याचे नऊ दिवसांचे नऊ रंग वेगळे. आमच्या महिला मंडळाने माझा सत्कार ठेवला त्या दिवशी नवरात्राचा रंग राखाडी निघाला. त्यावरून बैठकीत फार चर्चा झाली म्हणे. शेवटी निम्म्या बायका गुलाबीत, निम्म्या राखाडीत, आणि ज्यांना दोन्हीकडच्या फोटोंत यायचं होतं त्या राखाडी साडी, गुलाबी ब्लाउज. गुलाबी फुगे, गुलाबी केक. निवेदिकेने ‘मृत्यूच्या दाढेतून’ पासून सुरुवात केली. त्या उकाड्यात माझ्या अंगावर शाल घातली आणि नेमक्या त्याच क्षणी गोळीने आतून वाफ सोडली. मग श्रीफळ, आणि मग पितळेची घोड्यावरची झाशीची राणी, चांगली चार-पाच किलोंची, थेट माझ्या डाव्या हातात. पहिल्या रांगेतून सासूबाई कडाडल्या, ‘त्या हातात नको!’ राणी परत घेण्यात आली.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी वर लिहिलेली सगळी खाती वाचून दाखवली. इटलीच्या जिवाणूला टाळ्या पडल्या नाहीत, नंदुरबारला पडल्या. मग मी टाटा मेमोरियलच्या अभ्यासाबद्दल सांगितलं: मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका, १९९८ पासून वीस वर्षं, त्यातल्या निम्म्यांना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासलं, मशीन नाही, काही नाही, आणि २०२१ मध्ये निकाल आला की त्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हे बोलताना सभागृहात पावभाजीचा वास पसरला होता आणि मागच्या रांगा उठायला लागल्या होत्या. निवेदिकेने माइक घेतला. ‘किती विनम्र आहेत पहा आपल्या रणरागिणी!’

शाल काढायला मी रंगमंचामागच्या खोलीत गेले. दार वाजलं. राखाडी साडीतल्या एक जण आत आल्या, कडी लावली आणि कुजबुजल्या, ‘अहो, जरा बघता का? इथे काहीतरी लागतंय. दुखत नाही.’ मी म्हटलं, ‘मी बँकेत आहे हो, मी काय बघणार? डॉक्टरांना दाखवा.’ तेवढ्यात पुन्हा दार. मग आणखी एक. मागोमाग निवेदिका, हातात कार्यक्रमपत्रिका, आवाज एकदम लहान. ‘मॅमोग्राफीला दुखतं का हो?’

‘दुखतं. दाबतात थोडा वेळ. मग खाली कॅन्टीनला चहा बरा मिळतो.’

‘मी एकटी नाही जाणार.’

‘मंगळवारी सगळ्या मिळून जा ना.’

पहिलीने बोटांवर मोजलं. ‘चौघी होतोय. रिक्षात तिघीच बसतात.’

दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला, ‘दोन रिक्षा करा. मी पण येते. मंगळवारी उपास आहे, पण फराळाला थालीपीठ नेईन.’